भाजल्यानंतर आठव्या दिवशी काय बिघडतं? गंभीर भाजणं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक ठरलेली बातमी असते. स्टोव्हचा भडका, गॅसची गळती नाहीतर कारखान्यातला स्फोट. अमुक टक्के भाजल्याने रुग्णालयात दाखल. आठ-दहा दिवसांनी तीन ओळींची दुसरी बातमी येते: उपचारादरम्यान मृत्यू. मधल्या दिवसांत काय झालं ते छापून येत नाही आणि नातेवाइकांनाही बऱ्याचदा ते उमगत नाही. पेशंट पहिल्या दिवशी शुद्धीवर होता, नाव-गाव सांगत होता, पोलिसांना जबाब देत होता, पाणी मागत होता. मग पाचव्या दिवशी ताप, सातव्या दिवशी गुंगी आणि डॉक्टर म्हणतात, 'सेप्टिक झालंय.' वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला मग वाटतं, इथे काहीतरी हलगर्जी झाली असणार.

हलगर्जी कधी कधी होतेही. पण ती झाली नाही तरी हे घडू शकतं. मोठ्या भाजण्यात कातडी जाते ती डोळ्यांना दिसते. त्याच वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिघडतात, ते दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यातले बरेच मृत्यू या न दिसणाऱ्या बिघाडापायी होतात.

आधी 'मोठं भाजणं' म्हणजे किती, ते पाहू. डॉक्टर शरीराचा पृष्ठभाग टक्क्यांत मोजतात. मोठ्या माणसाचा एक अख्खा हात ९ टक्के, एक पाय १८, छाती-पोट मिळून १८, पाठ १८, डोकं-चेहरा ९. पेशंटचा स्वतःचा पंजा बोटांसकट साधारण १ टक्का. नुसती लाल झालेली कातडी यात धरत नाहीत. फोड आलेली किंवा त्याहून खोल भाजलेलीच धरतात. मोठ्या माणसात हा आकडा २० टक्क्यांच्या आसपास गेला की जखम त्या जागेपुरती राहत नाही, सगळं शरीर तिच्यात ओढलं जातं. पोळीच्या तव्याने बसलेल्या चटक्याला यातलं काहीही लागू नाही, हे लगेच सांगून टाकतो.

ओढलं जातं म्हणजे काय? भाजलेल्या जागेतून इतके रासायनिक संदेश रक्तात सुटतात की अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, न भाजलेल्या भागातल्यासुद्धा. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, चेहरा-हात टम्म सुजतात आणि रक्तदाब कोसळतो. अमेरिकेत डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयात चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६८ च्या सुमारास यासाठी एक साधं सूत्र दिलं: ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजल्याचे टक्के. म्हणजे ६० किलोचा माणूस ४० टक्के भाजला, तर पहिल्या २४ तासांत साडेनऊ लिटरच्या वर सलाईन आणि त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे. हे गणित हाती आल्यापासून पहिल्या दोन दिवसांतले पुष्कळ मृत्यू टळले. श्वासातून धूर आत गेला असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पेशंट हा टप्पा पार करतो आणि तिथून पुढे पेशींची कहाणी सुरू होते.

कातडी म्हणजे नुसतं आवरण नाही. तिच्यात प्रतिकारशक्तीच्या पेशींची कायमची वस्ती असते. त्यातल्या फांद्या-फांद्यांच्या एका पेशीला पाउल लँगरहान्सचं नाव आहे. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकीचा विद्यार्थी असताना त्याने ती पाहिली आणि मज्जातंतूंची पेशी समजून बसला. बाहेरून आलेला जंतू टिपायचा, त्याचा तुकडा घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जायचं आणि तिथल्या पेशींना दाखवायचा, हे तिचं काम. खोल भाजलं की ही वस्ती त्या जागी संपते. उरतो तो मेलेल्या कातडीचा कडक, चामड्यासारखा थर. त्यात प्रथिनं भरपूर, ओल भरपूर आणि रक्तपुरवठा शून्य. रक्त पोचत नाही म्हणजे पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही पोचत नाही. पहिल्या दिवशी या थरावर जंतू फारसे नसतात, उष्णतेने ते मेलेले असतात. मग केसांच्या मुळाशी खोलवर वाचलेले स्टॅफिलोकॉकस वर येतात आणि आठवडाभरात आतड्यातले किंवा वॉर्डातले स्युडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला ठाण मांडतात. ड्रेसिंग उघडल्यावर पट्टीला हिरवट-निळसर रंग आणि गोडसर उग्र वास आला की बर्न्स वॉर्डातली सिस्टर प्रयोगशाळेच्या रिपोर्टआधीच स्युडोमोनासचं नाव घेते.

पण जंतू येण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तासातच, प्रतिकारशक्ती खडबडून उठलेली असते. जंतू नसताना तिला कोणी उठवलं? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात, ऊर्जा तयार करणारे. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी ते स्वतंत्र जीवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिले. त्यांचा डीएनए अजूनही जीवाणूंसारखा गोल असतो. त्यांची प्रथिनंही जीवाणूंच्याच पद्धतीने सुरू होतात. पेशी धडधाकट असते तोवर हे गुपित आत राहतं. पेशी भाजून फुटली की मायटोकाँड्रियाचे तुकडे रक्तात येतात आणि जंतू ओळखण्यासाठी घडलेल्या पांढऱ्या पेशी त्यांना जंतूच समजतात. गंभीर जखमींच्या रक्तात असा डीएनए मोठ्या प्रमाणात सापडतो आणि तो पांढऱ्या पेशींना चेतवतो, हे २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं. पेशीतून सांडणारं एटीपी (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) आणि एचएमजीबी-१ नावाचं प्रथिनही असाच इशारा देतात. थोडक्यात, एकही जंतू आत न येता शरीराला भयंकर इन्फेक्शन झाल्याचा समज होतो. मग टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखे दाह (सूज, लाली, ताप आणणारी शरीराची प्रतिक्रिया) वाढवणारे संदेश उसळतात.

सगळ्यांत आधी धावतात न्यूट्रोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशींतला सर्वांत मोठा गट. अस्थिमज्जा त्यांना रोज अब्जावधींच्या संख्येने तयार करते आणि त्या थोडा काळच जगतात. मोठं भाजल्यावर मागणी इतकी वाढते की मज्जा अर्धवट पिकलेल्या पेशीही रक्तात सोडू लागते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एरवी ४ ते ११ हजार असणाऱ्या पांढऱ्या पेशी १८-२० हजारांवर दिसतात. नातेवाईक रिपोर्ट बघून म्हणतात, 'पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली ना?' प्रश्न अगदी रास्त आहे. पण रिपोर्टमध्ये डोकी मोजलेली असतात, त्यांच्या हातचं काम नाही.

कामाचं काय होतं ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फार जवळून पाहिलं गेलं. एका छोट्या चिपवर केसाहूनही अरुंद नळ्या कोरलेल्या. एका टोकाला रक्ताचा थेंब, दुसऱ्या टोकाला न्यूट्रोफिलला ओढणारं रसायन. निरोगी माणसाचे न्यूट्रोफिल त्या वासावर सरळ, झपाझप नळीतून पुढे जातात. मोठ्या भाजण्यानंतरचे रेंगाळतात. आणि ज्यांना पुढे सेप्सिस होतो, म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीर बिघडून अवयव निकामी होऊ लागतात, त्यांचे तर रसायन नसतानाही आपापले भटकू लागतात: थोडं पुढे, थांबले, परत मागे. दादर स्टेशनवर इंडिकेटर आणि घोषणा दोन्ही बंद पडल्यावर गर्दी तेवढीच असते, पण कोण कुठल्या फलाटाकडे धावतंय याला काही अर्थ उरत नाही, तसं काहीसं.

जंतूपाशी पोचलेल्या न्यूट्रोफिलचीही पंचाईत असते. त्याने जंतू गिळायचा आणि आत तीव्र रसायनांचा मारा करून मारायचा. हा मारा भाजलेल्या रुग्णात सौम्य पडतो. उलट चुकीच्या जागी, म्हणजे फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत, हेच न्यूट्रोफिल अडकून आपला दारूगोळा रिकामा करतात. मग छाती न भाजलेल्या माणसालाही व्हेंटिलेटर लागू शकतो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूट्रोफिलची घटलेली क्षमता, कच्च्या पेशींचं प्रमाण आणि रक्तात मोकळा फिरणारा डीएनए या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी मोजल्या. कोणाला पुढे सेप्सिस होणार, याचा बराच अंदाज त्यावरून बांधता आला. याचा अर्थ आठव्या दिवशीच्या बिघाडाची बीजं पहिल्या दिवशीच पडलेली असतात.

न्यूट्रोफिलनंतरचा मोठा गट मोनोसाइट आणि मॅक्रोफेज यांचा. ते जंतू खातात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाल्लेल्या जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावरच्या एचएलए-डीआर नावाच्या प्रथिनावर ठेवून टी-पेशींना दाखवतात. मोठ्या भाजण्यानंतर मोनोसाइटवरचं हे एचएलए-डीआर घटतं. ते लवकर पूर्ववत झालं तर रुग्ण सावरण्याची शक्यता बरी. दिवसेंदिवस खालीच राहिलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. त्याच वेळी हेच मॅक्रोफेज प्रोस्टाग्लँडिन ई-२ भरपूर सोडतात, जे टी-पेशींना गप्प करतं. विचित्र भाग पुढेच आहे. जंतूच्या आवरणाचा अंश समोर आला की या पेशी दाहाची रसायनं नेहमीपेक्षा जास्त ओततात. दाखवायचं काम नीट होत नाही, आरडाओरडा मात्र दुप्पट.

मग टी-पेशी. या संपूर्ण प्रतिसादाला दिशा देणाऱ्या. भाजल्यानंतर त्यांची संख्या घटते, कारण बऱ्याच पेशी स्वतःहून मरतात. उरलेल्या इंटरल्युकिन-२ कमी बनवतात, म्हणून त्यांची संख्या पटकन वाढत नाही. आणि नियंत्रक टी-पेशी, ज्यांचं काम ब्रेक लावण्याचं, त्यांचा जोर वाढतो. अँटिबॉडींची पातळीही पहिल्या दिवसांत खाली येते. काही जखमेतून पाझरून जातात, काही सलाईनने पातळ होतात.

टी-पेशींच्या या मरगळीचा एक जुना पुरावा आहे आणि त्यासाठी १९४० च्या दशकातल्या ग्लासगोला जावं लागेल. महायुद्धात भाजलेल्यांना कातडी पुरेना. दुसऱ्याची कातडी लावली तर ती काही दिवसांनी गळून का पडते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांनी एका भाजलेल्या तरुणीला तिच्या भावाच्या कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले. पहिल्या खेपेचे काही काळ टिकले, मग गेले. दुसऱ्या खेपेचे त्याहून कितीतरी लवकर गेले. शरीराला पहिली भेट आठवत होती. म्हणजे कातडी झडणं हे प्रतिकारशक्तीचं काम होतं. १९४३ चा हा निबंध अवयवरोपणाच्या विज्ञानाचा पाया मानला जातो; मेडावर यांना पुढे १९६० मध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आता गंमत अशी, की पुढच्या काळात डॉक्टरांच्या ध्यानात आलं: फारच मोठं भाजलेल्या रुग्णावर परकी कातडी अपेक्षेपेक्षा जास्त दिवस टिकते. ऐकायला बरं वाटतं, पण ती खूण चांगली नाही. परक्याला बाहेर काढणाऱ्या टी-पेशीच थकल्या आहेत, असा त्याचा अर्थ.

आजही त्वचादानातून मिळालेली कातडी या रुग्णांचा मोठा आधार आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथून कागदासारखा पातळ थर काढतात, घरीसुद्धा. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत. हा थर ग्लिसरॉलमध्ये ४ अंश तापमानाला काही वर्षं टिकतो. ग्लिसरॉलमुळे त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, म्हणून शरीर त्याविरुद्ध कमी चिडतं. ती कातडी कायमची रुजवायची नसतेच. पेशंटची स्वतःची कातडी मिळेपर्यंत जखम झाकायची, पाणी-प्रथिनं वाहून जाणं थांबवायचं आणि जंतूंना दार बंद करायचं, एवढंच काम.

एक प्रश्न राहतो: हा दाह जास्त झालेला असतो की प्रतिकार कमी पडलेला? पूर्वी असं शिकवत की आधी दाहाची लाट येते आणि ती ओसरल्यावर मरगळीची. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने ही मांडणी मोडली. गंभीर जखमी आणि भाजलेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत कोणती जनुकं चालू-बंद होतात ते त्यांनी पाहिलं. ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचं कामकाज बदललेलं होतं. आणि दाह वाढवणारी जनुकं चढणं, टी-पेशींशी संबंधित जनुकं उतरणं, हे दोन्ही एकाच वेळी, पहिल्या तासांपासून. आधी हे, मग ते, असं नाही. म्हणूनच उपचार अवघड आहेत. दाह दाबायला स्टिरॉइड द्यावं तर उरलासुरला प्रतिकार जातो. प्रतिकार चेतवायला काही द्यावं तर दाह भडकतो.

यात भर पडते हार्मोन्सची. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल आठवडेच्या आठवडे चढे राहतात. शरीर विश्रांतीतही जवळजवळ दुप्पट ऊर्जा जाळू शकतं. त्यासाठी स्वतःचे स्नायू मोडून खातं. रक्तातली साखर वाढते, अस्थिमज्जा पांढऱ्या पेशींच्या मागे लागून तांबड्या पेशी कमी बनवते. शरीराचा 'थर्मोस्टॅट'च वर सरकतो, म्हणून बर्न्स वॉर्ड मुद्दाम गरम ठेवतात. बाहेर घामाघूम झालेले नातेवाईक एसी का बंद म्हणून भांडतात, पण थंडीत पेशंट आणखी ऊर्जा जाळेल. याच कारणाने ३८ अंशाचा ताप म्हणजे इन्फेक्शन, असं इथे म्हणता येत नाही. ताप आहे, नाडी जलद आहे, पांढऱ्या पेशी वाढल्यात: ही सगळी लक्षणं इन्फेक्शन नसतानाही असतात. खरं इन्फेक्शन ओळखणं ही या वॉर्डातली सर्वांत कठीण गोष्ट. डॉक्टर बदल पाहतात: काल नळीतून गेलेलं अन्न पोटाने घेतलं, आज घेत नाही, साखर अचानक आवरेना, प्लेटलेट घसरल्या, पेशंट बरळू लागला.

हे सगळं समजलं की वॉर्डातल्या काही गोष्टींचा उलगडा होतो. पहिल्या दिवसापासून 'भारी' अँटिबायोटिक का देत नाहीत? कारण मेलेल्या थरात ते पोचत नाही आणि साधे जंतू मारून औषधाला न जुमानणाऱ्यांना जागा करून देतं. खरा उपाय तो थरच काढून टाकणं. झोरा यान्झेकोविच या स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या शल्यचिकित्सक. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, मोजक्या साधनांवर काम करताना त्यांनी भाजल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मेलेली कातडी पातळ कापांनी खरवडून काढायला सुरुवात केली. एक काप, दुसरा काप, खालून ठिपके-ठिपके रक्त फुटेपर्यंत. रक्त फुटलं म्हणजे जिवंत थर आला. लगेच त्यावर कातडी लावायची. त्याआधी थर आपोआप सुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट बघत आणि तोवर जंतू रक्तात शिरलेले असत. १९७० मध्ये त्यांचा निबंध आला आणि जगभर पद्धत बदलली. प्रतिकारशक्तीच्या बाजूने पाहिलं तर या शस्त्रक्रियेने खोटी हाकाटी पिटणारा मृत पेशींचा साठाही जातो आणि जंतूंचं घरही जातं.

दुसरं, खाणं. आपल्याकडे जखम झाली की डाळ बंद, अंडं बंद, आंबट बंद, 'पू होईल' म्हणून. मोठ्या भाजण्यात यासारखं घातक पथ्य नाही. मोठ्या माणसाला रोज किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला ९० ते १२० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, यावरून हिशेब करा. आणि अन्न पहिल्या १२ तासांतच तोंडाने किंवा नाकातल्या नळीने सुरू करतात. रिकामं आतडं सैल पडतं आणि त्यातले जंतू रक्तात झिरपू शकतात. 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर मात्र पैसे घालवू नयेत. ग्लुटामिनसारख्या खरोखर आशादायक वाटलेल्या पोषकद्रव्याची सुमारे १,२०० रुग्णांवर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला, उपयोग नाही.

जखम भरून घरी गेल्यावर पेशी पूर्ववत होतात का? हळूहळू, आणि सगळ्यांच्या नाही. चयापचयाचा वाढलेला वेग दोन-तीन वर्षंही राहू शकतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात रुग्णालयांच्या नोंदी वर्षानुवर्षं जोडून पाहिल्या गेल्या, तेव्हा लहानपणी भाजलेल्या मुलांना पुढची कित्येक वर्षं संसर्गासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण इतर मुलांहून जास्त दिसलं. त्यात फार गंभीर न भाजलेली मुलंही होती, आणि अशा मुलांच्या टी-पेशींत तीन वर्षांनीही फरक आढळले. न्यूमोनियासाठी किंवा वारंवारच्या तापासाठी दाखवायला नेलेल्या मुलाला पूर्वी मोठं भाजलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. पाठीवरचा व्रण शर्टाखाली असतो, आणि तापाच्या पेशंटला 'कधी भाजलं होतं का' असं सहसा कोणी विचारत नाही.